डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलंय, गाडी पंपावरच उभी आहे. पुढे काय करायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखनाकडे बघू नका.

माझा धाकटा भाऊ आईला घेऊन पुण्याहून कराडला निघालाय. साताऱ्याच्या अलीकडे हायवेवर एका पंपावर थांबला. गाडी २०१५ची स्विफ्ट डिझायर, डिझेल. 'दोन हजारचं डिझेल' असं सांगून तो आईला हात धरून स्वच्छतागृहापर्यंत सोडायला गेला. परत येऊन बिल बघतो तर बिलावर पेट्रोल. एकोणीस लिटरच्या आसपास गेलंय. टाकीत आधीचं डिझेल पाव टाकी असेल.

गाडी अजून सुरू केलेली नाही. पंपाचे मॅनेजर म्हणतायत, 'वरून डिझेल टाकून टाकी फुल करून देतो, पैसे नकोत, मिसळून जातं, कराडपर्यंत काही होत नाही.' मागे गाड्यांची रांग लागलीय आणि सगळे गाडी काढा म्हणून ओरडतायत. भाऊ विचारतोय काय करू. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. शोरूमच्या नंबरवर फोन लागत नाहीये.

गॅरेजवाला_अण्णा

ताई, भावाला आत्ताच्या आत्ता फोन करा आणि एवढंच सांगा: किल्ली फिरवायची नाही. गाडी ढकलून बाजूला घ्यायची. न्यूट्रल टाका, स्टिअरिंगचं लॉक सुटण्यापुरती किल्ली पहिल्या घरात न्या, 'ऑन'वर नेऊ नका. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले म्हणजे किल्ली पुढे गेली असं समजा.

ढकलताना एक लक्षात ठेवा. इंजिन बंद असलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात. एकाने आत बसून ब्रेकवर जोर ठेवायचा, हँडब्रेक हाताशी. पंपावरच्या पोरांना सांगा, चार जण मिळून सहज ढकलतील. रांगेचं टेन्शन त्यांनाही आहे.

पुढचं सविस्तर लिहितो. आधी हे करा.

कृष्णाकाठची

सांगितलं. ढकलतायत.

चहाबाज

बाकी सगळ्यांनी तोवर पाच मिनिटं शांतता पाळा आणि अण्णांना टाइप करू द्या.

नवखा_ड्रायव्हर

मनापासून शंका आहे. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली 'ऑन' केली तर काय बिघडतं?

गॅरेजवाला_अण्णा

@नवखा, बहुतेक कॉमन रेल डिझेल गाड्यांत (म्हणजे एकाच जाड नळीतून, 'रेल'मधून, सगळ्या इंजेक्टरना जोरदार दाबाने इंधन मिळतं अशा, आणि इंजेक्टर म्हणजे इंजिनात इंधन फवारणारे भाग) टाकीच्या आत एक छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. किल्ली 'ऑन' झाली की तो काही सेकंद फिरतो आणि इंधन पुढे ढकलतो. म्हणजे इंजिन सुरू व्हायच्या आधीच टाकीतलं पेट्रोल लाइनमध्ये, फिल्टरमध्ये पोचलं. तिथपर्यंत मोठं नुकसान होत नाही, पण जे काम नुसती टाकी रिकामी करून भागलं असतं ते लाइन आणि फिल्टरपर्यंत वाढतं. पुश बटनवाल्या गाड्यांत तर बटनाला हातच लावू नये.

आता नुकसान का होतं ते सांगतो. डिझेल हे जळण आहे तसंच वंगणही आहे. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर यांना वेगळं ऑइल नसतं, त्यांच्यातून जाणारं डिझेलच त्यांचं वंगण. आपल्या टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार. या पंपातून इंधन हजार बारच्या पुढे जातं, नव्या गाड्यांत दोन हजारांच्या आसपास. त्या दाबाला पेट्रोलसारखं कोरडं इंधन आलं की धातूवर धातू घासतो आणि चुरा सुटतो. तो चुरा तिथेच थांबत नाही. रेलमध्ये जातो, इंजेक्टरच्या बारीक भोकांत जातो, रिटर्न लाइनने परत टाकीत येतो. मग पंप, रेल, चारही इंजेक्टर, पाइप, टाकीची सफाई असं सगळं एकदम निघतं. जुन्या गाडीचा मालक तेव्हा गाडी विकायचा विचार करायला लागतो.

म्हणून मॅनेजरसाहेबांचं ऐकू नका. पाव टाकी म्हणजे दहाएक लिटर डिझेल, त्यात एकोणीस लिटर पेट्रोल. टाकी ४२ लिटरची. फुल केली तरी चाळीस-पंचेचाळीस टक्के पेट्रोलच राहतं. ही गाडी कराडपर्यंत जाईल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि गेली, तरी वाटेत काय झिजलं ते महिन्याभराने कळेल.

सह्याद्रीपुत्र

अण्णा, आदर ठेवून असहमत. आमच्या जुन्या सुमोत ड्रायव्हरने पेट्रोल भरून घेतलं होतं, दहा लिटर तरी असेल. वरून डिझेल टाकलं आणि कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा घाट उतरून गेलो. गाडी नंतर बरीच वर्षं चालली. थंडीच्या देशांत डिझेल गोठू नये म्हणून त्यात थोडं पेट्रोल मिसळायचे, हेही वाचलंय. इतकी भीती घालायची गरज आहे का?

गॅरेजवाला_अण्णा

@सह्याद्रीपुत्र, तुमचं खोटं नाही. त्या सुमोच्या काळातल्या इंजिनांचा पंप यांत्रिक, दाब आजच्या मानाने फार कमी. काही पंपांना तर इंजिन ऑइलचंच वंगण मिळायचं, इंधनावर अवलंबून राहावं लागायचं नाही. जुन्या काही परदेशी डिझेल गाड्यांच्या पुस्तकात थंडीसाठी थोडं पेट्रोल मिसळायची परवानगी होती हेही खरं. पण ते त्या इंजिनांपुरतं. कॉमन रेल आली आणि तो सल्ला संपला. आजच्या गाडीच्या पुस्तकात 'फक्त डिझेल' असंच लिहिलेलं असतं. सुमोवरून डिझायरला सल्ला देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

सह्याद्रीपुत्र

पटलं. यांत्रिक पंपाचा मुद्दा लक्षात आला नव्हता.

लेस्टरची_मावशी

इकडे ब्रिटनमध्ये आपलं आपणच भरायचं असतं, त्यामुळे हा प्रकार फार जणांकडून होतो. इकडे हिरवा नोझल पेट्रोलचा, काळा डिझेलचा. डिझेलचा नोझल जाड असतो, तो पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा शिरत नाही. उलट पेट्रोलचा बारीक, तो डिझेल गाडीत सहज जातो. म्हणून चूक होते ती जास्त करून कृष्णाकाठचीच्या भावाच्या बाबतीत झाली तशी, म्हणजे वाईट बाजूनेच.

इकडे टाकी रिकामी करणारी व्हॅन पंपावरच येते. माणूस उपसून, धुऊन, थोडं योग्य इंधन टाकून गाडी सुरू करून देतो. आपल्याकडे हायवेवर अशी सोय आहे का कुणाला माहीत?

डॅलसचे_काका

मावशी, तुमचं वाचून आठवलं. इकडे अमेरिकेत बरोबर उलटं, हिरवा नोझल बहुतेक ठिकाणी डिझेलचा. माझा भाचा लंडनहून आला होता, भाड्याच्या पेट्रोल गाडीजवळ हिरवा नोझल घेऊन निघाला, मी मागून हाक मारली म्हणून थांबला. त्यामुळे रंगावर कोणीही जाऊ नये, अक्षरं वाचावीत.

युरोपात २०१८च्या ऑक्टोबरपासून पंपावर आणि नव्या गाड्यांच्या झाकणात चिन्हं लावतात: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. ती कल्पना मला फार आवडली. भाषा येत नसली तरी कळतं.

कृष्णाकाठची

गाडी बाजूला घेतली, हवेच्या मशीनशेजारी सावलीत उभी आहे. आई खुर्चीवर बसलीय, तिला पाणी दिलंय. मॅनेजर जरा नरमलेत. ते म्हणतायत, 'आमचा एक माणूस पाइप टाकून टाकी उपसून देईल.' करू द्यावं का?

डॉक्टरीणबाई

तोंडाने पाइप ओढून उपसणार असतील तर कृपा करून करू देऊ नका. कोणालाच. पेट्रोलचा घोट पोटात जाण्यापेक्षा श्वासाबरोबर फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा असतो, थोडंसं गेलं तरी फुप्फुसाला गंभीर इजा होते. आणि कोणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नये, उलटीतून ते पुन्हा श्वासनलिकेत जातं. थेट दवाखाना गाठायचा. असे रुग्ण पाहिलेत म्हणून कळकळीने लिहितेय.

गॅरेजवाला_अण्णा

डॉक्टरीणबाईंना शंभर टक्के अनुमोदन. शिवाय पाइपने टाकी पूर्ण उपसली जात नाही, तळाला बरंच राहतं. बऱ्याच गाड्यांत पाइप आत जाऊही देत नाहीत, वाटेत जाळी किंवा झडप असते.

'पेट्रोल हलकं, डिझेल जड, म्हणजे पेट्रोल वर तरंगत असेल, वरवरचं काढून घ्या' असंही कोणीतरी सांगेल. तसं होत नाही. दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात, वेगळे थर राहत नाहीत. सगळंच काढावं लागतं.

आणि पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. डिझेलमध्ये मिसळलं म्हणून ते निवळत नाही, उलट सगळं मिश्रणच पेट्रोलइतकं धोक्याचं होतं. उघड्या बादलीत उपसायचं, शेजारी कोणी बिडी ओढतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गाडी टो करून सातारला नेऊ दे. वर्कशॉपमध्ये मागची सीट उचलून किंवा टाकी खाली उतरवून नीट काम होतं.

टो करताना या गाडीची पुढची चाकं उचललेली हवीत, किंवा सरळ फ्लॅटबेड. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर तिथे फोन करा. हायवेवर अडकलात तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा नंबरही आहे.

विमा_आणि_बरंच_काही

रोडसाइड असिस्टन्सचं कार्ड गाडीत किंवा पॉलिसीच्या शेवटच्या पानांत असतं. बऱ्याच योजनांत चुकीचं इंधन भरल्यास टो करून देणं असतं, काहींत टाकी रिकामी करणंही. फोनवर स्पष्ट 'चुकीचं इंधन भरलंय, गाडी सुरू केलेली नाही' असं सांगायचं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा.

नुकसानीचं म्हणाल तर साध्या पॉलिसीत याची भरपाई मिळेल असं धरून चालू नका. अपघाताने बाहेरून झालेलं नुकसान वेगळं आणि आतला यांत्रिक बिघाड वेगळा, तो साध्या पॉलिसीत वगळलेला असतो. 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कव्हर घेतलं असलं तरी त्यातल्या अटी प्रत्येक कंपनीच्या निराळ्या. त्यात 'चुकीचं इंधन' हे शब्द आहेत का ते शोधून वाचा.

काळा_कोट

भावाला काही गोष्टी आत्ताच करायला सांगा, नंतर जमत नाहीत. बिलाचा फोटो. मीटरचा फोटो, अजून आकडा तोच असेल तर. गाडीच्या इंधन झाकणाचा फोटो, त्यावर डिझेल लिहिलेलं दिसतंय असा. पंपावर तक्रार वही मागायची, द्यावीच लागते, त्यात चार ओळी लिहायच्या आणि त्या पानाचा फोटो घ्यायचा. सीसीटीव्हीचं त्या वेळचं चित्रण जपून ठेवा असं मॅनेजरला लेखी द्यायचं, व्हॉट्सॲपवर दिलं तरी चालेल, वेळ नोंदली जाते. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

जबाबदारी पंपमालकाची. कर्मचाऱ्याने कामावर असताना केलेली चूक ही मालकाच्या सेवेतली त्रुटी. खर्च द्यायला नाही म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातही चालेल, सातारला खेटे घालायला नकोत. शुल्क ठरतं ते सेवेसाठी आपण दिलेल्या किमतीवर, आणि पाच लाखांपर्यंत शुल्कच नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. मुदत दोन वर्षांची.

भांडू मात्र नका. आवाज चढला की समोरचा कबूल करत नाही.

कृष्णाकाठची

सगळे फोटो घेतले. असिस्टन्सचा फोन लागला, तासाभरात गाडी येतेय. तक्रार वही आधी 'सापडत नाही' होती, काळा कोट यांचा प्रतिसाद भावाने वाचून दाखवल्यावर सापडली.

एक वाईट वाटतंय. ज्याने भरलं तो मुलगा विशीतला असेल, रडवेला झालाय. आई त्याला म्हणाली, तू नको घाबरू.

पंपावरचा

मी सहसा वाचतोच, लिहीत नाही. आज लिहितो कारण मी पंपावर कामाला आहे.

हे का होतं ते सांगतो. एकच मॉडेल पेट्रोलमध्ये आणि डिझेलमध्ये येतं, बाहेरून फरक नसतो, मागे असलेली छोटी अक्षरं कोणी काढून टाकतं. गिऱ्हाईक काच अर्धी खाली करून 'हजारचं टाक' म्हणतं आणि फोनवर बोलत राहतं. काय टाकू विचारलं तर काही जणांना राग येतो. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे नवीन लागलेल्या पोरांना छोटी गाडी म्हणजे पेट्रोलच असं वाटतं. डिझायर डिझेल आली की हात आपोआप पेट्रोलकडे जातो. शिफ्ट बदलताना आणि सणाच्या गर्दीत तर जास्तच. ताईंच्या भावाने डिझेल सांगितलं होतं, तरी ऐकणारा एक आणि नोझल धरणारा दुसरा असं झालं असणार.

चूक पोराचीच, नाही म्हणत नाही. पण बऱ्याच ठिकाणी खर्च पोराच्या पगारातून कापतात. टो आणि सफाई मिळून जे होतं ते त्याच्या महिन्याच्या पगाराच्या जवळ जातं. जमलं तर मालकाशी बोलताना तेवढं सांगा.

काळा_कोट

@पंपावरचा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. कायद्याने ग्राहकाचा दावा मालकावर असतो, पोरावर नाही. मालकाने तो पगारातून परस्पर वसूल करणं ही वेगळी गोष्ट, मनाला येईल तसं कापता येत नाही. ताई, मिटवताना कागदावर 'पंपाच्या वतीने' असंच लिहून घ्या, कर्मचाऱ्याचं नाव घालू नका.

सुपारी

पूर्ण सहमत. आणि पंपावरच्या दादांनी 'झिरो बघा' म्हटलं की आजपासून मी 'डिझेल बघा' म्हणणार.

चहाबाज

@सुपारी, तुमची तर स्कूटर आहे ना? मग तर फारच बघा.

सुपारी

स्कूटर माझी, डिझेल गाडी घरच्यांची. दोन्हीकडे लक्ष माझंच असतं.

शेतावरून

आमच्याकडे उलटं होतं. ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये डिझेल आणून ठेवलेलं, पोरं रात्री मोटरसायकलमध्ये ओततात. गाडी सुरू होते, थोडी जाते, मग फटफट करून पांढरा धूर आणि बंद. डिझेल पेट्रोलसारखं हवेत उडत नाही, ठिणगीने नीट पेटत नाही, प्लग ओला होऊन काळा पडतो. मोटरसायकलचं बरं असतं, टाकी काढा, उलटी करा, कार्ब्युरेटर धुवा, प्लग पुसा, तासाभरात काम. कारला पण असंच असतं का?

गॅरेजवाला_अण्णा

@शेतावरून, तत्त्व तेच. पेट्रोल कारमध्ये डिझेल गेलं तर गाडी अडखळते, धूर मारते, बंद पडते. पण डिझेल तेलकट असल्याने भाग घासून झिजत नाहीत. टाकी, लाइन, प्लग साफ केले की बहुतेक वेळा गाडी पहिल्यासारखी होते. तशीच रेटत चालवली तर मात्र न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जातं आणि तो खराब होतो, तो स्वस्त नाही. इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरलंय का तेही बघावं लागतं.

आणि कॅनचं म्हणाल तर डिझेलच्या आणि पेट्रोलच्या कॅनवर मोठ्या अक्षरांत रंगाने लिहा. रात्रीच्या अंधारात पोरांचा तरी काय दोष.

शेतावरून

लिहितो उद्याच. अवांतर: रेशनच्या रॉकेलला निळा रंग असायचा, भेसळ लगेच ओळखू यायची. पेट्रोल-डिझेलला पण असा ठळक रंग दिला तर?

ढगातला

@शेतावरून, विमानांत तसंच असतं. माझी चुलत बहीण बारामतीला वैमानिक प्रशिक्षण घेत होती. छोट्या पिस्टन इंजिनच्या विमानांचं पेट्रोल निळं रंगवलेलं असतं. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं काचेच्या नळीत काढून रंग बघायचा, पाणी आलंय का बघायचं, मगच पुढे. जेटचं इंधन बिनरंगी किंवा फिकट पिवळसर, आणि त्याच्या नोझलचं तोंड मुद्दाम रुंद चपटं केलेलं, म्हणजे ते छोट्या विमानाच्या टाकीत शिरूच नये. हवेत गाडी ढकलून बाजूला घेता येत नाही, त्यामुळे ते इतकी काळजी घेतात.

आरटीओ_रांगेतला

आपल्याकडेही रंगाची एक सोय आहे, कोणी वापरत नाही. नव्या नंबर प्लेटबरोबर पुढच्या काचेवर आतून लावायचा स्टिकर मिळतो. डिझेलला केशरी, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता महाराष्ट्रात त्या प्लेट बसवतायत, तेव्हा स्टिकर मागून घ्या. पंपावरच्या मुलाला काचेकडे बघूनच कळलं पाहिजे. मूळ हेतू प्रदूषणाचा होता, पण इथेही कामाला येतो.

पंपावरचा

@आरटीओ, खरं सांगतो, आम्हाला कोणी हे शिकवलंच नव्हतं. उद्या आमच्या पोरांना दाखवतो. पण आम्ही उभे असतो मागे झाकणापाशी, पुढची काच दिसत नाही. झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत 'डिझेल' लिहिलेलं असेल तर त्यासारखं काही नाही. मराठीत लिहिलं तर अजून बरं.

दिवेआगर_वारी

आमच्या एक्सयूव्ही ७००मध्ये आणखी एक भानगड आहे, निळं झाकण. तिथे डिझेल नाही, डीईएफ घालतात. साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. बीएस सिक्स हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला अशा डिझेल कारमध्ये हे आलं. एका पंपावर मुलाने डीईएफचा डबा उघडून सरळ डिझेलच्या तोंडाशी नेला होता, बायको खाली उतरून उभी होती म्हणून वाचलो. अण्णा, पडलं असतं तर?

गॅरेजवाला_अण्णा

@दिवेआगर, वहिनींना नमस्कार सांगा. डीईएफ डिझेलच्या टाकीत जाणं हे पेट्रोलपेक्षाही वाईट. त्यात पाणी आहे, ते हाय प्रेशर पंपाला गंज आणतं, आणि युरियाचे खडे जमतात, ते फिल्टर, इंजेक्टर सगळीकडे. उलट डिझेल डीईएफच्या टाकीत गेलं तर ती टाकी, तिचा पंप, पुढची यंत्रणा बदलण्यापर्यंत वेळ येते. दोन्हीत नियम तोच, इंजिन सुरू करू नका, किल्ली 'ऑन' नको.

मायलेजवाला

मग ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हे जुन्या गाड्यांसाठी चुकीचंच इंधन नाही का? त्याबद्दल कोणी का बोलत नाही?

सुपारी

आला आला, विषय आला. आता धाग्याची शंभरी नक्की.

लेस्टरची_मावशी

@मायलेजवाला, प्रश्न योग्य आहे, पण इथे एका माणसाची गाडी आणि आई रस्त्यात आहे. वेगळा धागा काढा, मीही येते तिथे.

मायलेजवाला

मान्य. उद्या काढतो.

नवखा_ड्रायव्हर

आणि समजा कोणाच्या लक्षातच आलं नाही, बिल न बघता निघाला, तर वाटेत कसं ओळखायचं?

गॅरेजवाला_अण्णा

गाडीची ताकद अचानक गेल्यासारखी वाटते, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढत नाही. इंजिनाचा आवाज कर्कश, खडखड असा येतो. धूर वाढतो, चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, मग बंद पडते. पंपावरून निघाल्यावर थोड्याच वेळात असं झालं तर आधी बिल बघा. डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, आणि पुन्हा 'एकदा मारून बघू' करू नका. एकदा बंद पडल्यावर लोक दहा वेळा स्टार्टर मारतात, तिथेच खरं नुकसान होतं.

वर्कशॉपला गेल्यावर डिझेल फिल्टर उघडून बघायला सांगा. आत चमचमणारा धातूचा चुरा दिसला नाही तर निभावलं. दिसला तर पुढचं सगळं तपासावं लागतं. हे काम आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या.

कृष्णाकाठची

रात्री उशिरा लिहितेय, सगळ्यांना कळवायचं होतं.

फ्लॅटबेड आला, गाडी सातारला एका वर्कशॉपमध्ये नेली. आईला तिथल्या मावसबहिणीकडे सोडलं, जेवून झोपलीसुद्धा. गाडीची टाकी खाली उतरवून रिकामी केली, थोडं डिझेल घालून आतून खळबळून तेही काढलं. पेट्रोल लाइनमध्ये गेलेलं नव्हतं, तरी मेकॅनिक म्हणाले फिल्टर जुनाच आहे, बदलून टाकू. नवीन डिझेल, हातपंपाने लाइनमधली हवा काढली, दुसऱ्या झटक्यात गाडी सुरू झाली. दहा मिनिटं चालू ठेवली, आवाज नेहमीचा. जुना फिल्टर कापून दाखवला, चुरा नाही.

पंपाचे मालक स्वतः फोनवर आले. टाकीचं काम, नवीन डिझेल, सगळं बिल त्यांनी दिलं, फिल्टरचे पैसे आम्ही दिले कारण तो तसाही बदलायचाच होता. कागदावर 'पंपाच्या वतीने' एवढंच लिहिलंय. त्या मुलाचा पगार कापू नका असं भावाने सांगितलं, मालक हो म्हणालेत.

अण्णा, काळा कोट, डॉक्टरीणबाई, पंपावरचे दादा, सगळ्यांचे आभार. तुम्ही नसता तर भावाने टाकी फुल करून गाडी काढलीच असती. तो तसं म्हणतोय.

गॅरेजवाला_अण्णा

फार बरं वाटलं ताई. दोन-चार दिवस गाडी चालवून बघा, सकाळी सुरू व्हायला वेळ लागतोय किंवा ओढ कमी वाटतेय असं काही जाणवलं तर लगेच दाखवा. वर्कशॉपच्या बिलावर 'चुकीचं इंधन भरल्याने टाकी रिकामी केली' असं कारण लिहून घेतलंय ना? नसेल तर उद्या फोन करून घ्या. पुढे काही निघालं तर तोच पुरावा.

कृष्णाकाठची

नुसतं 'टँक क्लीनिंग' लिहिलंय. सकाळी पहिलं तेच काम. आणि अजून एक, काढलेलं मिश्रण एका मोठ्या कॅनमध्ये भरून दिलंय, तीसेक लिटर असेल. भाऊ म्हणतो, वाया कशाला घालवायचं, काकांच्या शेतातल्या पंपसेटला थोडं थोडं घालू.

गॅरेजवाला_अण्णा

नको. पंपसेटचं इंजिन डिझेलचंच, त्याच्या पंपालाही वंगण लागतंच. शिवाय तो कॅन घरात, गोठ्यात, उन्हात कुठेही ठेवणं धोक्याचं. चूल पेटवायला कोणी घेतलं तर आणखी मोठा अनर्थ. गाडीच्या डिकीत घालून कराडपर्यंतही नेऊ नका. वर्कशॉपला परत द्या, वापरलेलं ऑइल आणि असं इंधन नेणारे अधिकृत लोक त्यांच्याकडे येतात, त्यांच्या पिंपात ते जाईल.

शेतावरून

अण्णांचं ऐका. आमच्या शेजारच्या गावात असल्याच कॅनने गवताची गंजी पेटली होती. तीस लिटरचे पैसे गेले तर गेले.

कृष्णाकाठची

भावाला आत्ता मेसेज केलाय, कॅन वर्कशॉपच्या शेडमध्येच आहे, तिथेच राहू दे म्हणून. उद्या बिल दुरुस्त करायला जाईल तेव्हा त्यांच्याच ताब्यात देऊन येईल.